वाकून पुन्हा सरळ होणारा दांडा

मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पात १९६७ पासून वाळवंटातली एक लांबलचक शर्यत भरते. तिथले ट्रॉफी ट्रक, म्हणजे खास या शर्यतींसाठी बांधलेल्या गाड्या, दगडधोंड्यांवरून ताशी दीडशे किलोमीटरच्या वर धावतात. अशा गाडीची चाके जितकी हलकी तितकी चांगली. तरीही त्यांचे सस्पेन्शनचे आर्म, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारे हात, बहुतेक पोलादाचे असतात. याउलट अमेरिकेच्या युटा राज्यातल्या मोआबसारख्या ठिकाणी माणसाच्या चालीने खडक चढणाऱ्या गाड्या पाहा. तिथे किलोभर वजनाने काही अडत नाही, पण आस सांगाड्याला जोडणारे खालचे दांडे, म्हणजे लिंक रॉड, पुष्कळदा अ‍ॅल्युमिनियमचे दिसतात. हलका धातू वेगवान गाडीला आणि जड धातू संथ गाडीला, असा आपला अंदाज असतो. इथे तो साफ उलटा पडतो, आणि त्याचे कारण मला फार मोलाचे वाटते.

अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, पोलादाची ७.८५. म्हणजे वजन जवळजवळ एक तृतीयांश. पण ताठपणाही एक तृतीयांशच: तेवढ्याच जाडीच्या दांड्यावर तेवढाच भार टाकला तर अ‍ॅल्युमिनियम तिप्पट वाकते. ताठपणा आणि मजबुती या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गॅरेजमधल्या बहुतेक वादांत नेमकी इथेच गल्लत होते. दांडा किती वाकतो तो ताठपणाचा प्रश्न. वाकल्यावर तो परत सरळ होतो की तसाच राहतो, हा मजबुतीचा.

जस्त, मॅग्नेशियम आणि तांबे मिसळलेला, उष्णतेची प्रक्रिया केलेला ७०७५ नावाचा अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू घ्या. त्याची एक मीटरची पट्टी सुमारे सात मिलिमीटर ताणली तरी सोडल्यावर मूळ लांबीवर येते. क्रोमोली म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनमच्या नेहमीच्या पोलादी नळीची हीच मर्यादा दोन मिलिमीटरच्या आसपास. आता खडकावरून घसरलेली दोन टनांची गाडी खालच्या रॉडवर आदळली असे समजा. ५० मिलिमीटर जाडीचा भरीव ७०७५ दांडा धनुष्यासारखा वाकतो आणि गाडी पुढे सरकली की सरळ होतो. तेवढ्याच बाहेरच्या व्यासाची, ६ मिलिमीटर जाड पत्र्याची पोलादी नळी कमी वाकते, पण वाकली की बऱ्याचदा तशीच राहते. मग चाक जागेवरून सरकते आणि गाडी सरळ चालत नाही. वजन म्हणाल तर भरीव दांडा मीटरला साडेपाच किलो आणि पोकळ नळी साडेसहा. फरक किलोभराचाच. खडकवाल्यांना अ‍ॅल्युमिनियम हवे असते ते त्याच्या लवचीकपणासाठी.

मग वाळवंटात तोच धातू का नको? तिथे एकच मोठा धक्का नसतो, लाखो लहान धक्के असतात. धातू थकतो, हे एकोणिसाव्या शतकात आगगाडीच्या तुटणाऱ्या आसांनी शिकवले. प्रशियाच्या रेल्वेत ऑगस्ट व्योलर यांनी वर्षानुवर्षे आस फिरवून पाहिले. त्यांना दिसले की एका ठरावीक ताणाच्या खाली पोलाद कितीही वेळा वाकवले तरी तुटत नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी लक्ष्मणरेषा नाही. ताण लहान असला तरी पुरेशा फेऱ्यांनंतर त्याला तडा जाऊ शकतो. म्हणून त्याचा भाग बनवताना आयुष्य हिशोबात धरून जाडी ठेवावी लागते. (पोलादाची ही मर्यादाही गंज चढला की भरवशाची राहत नाही. कोकणात गाडी चालवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.)

दुसरे कारण वेल्डिंग. ट्रॉफी ट्रकचा मागचा आर्म पत्रे कापून, जोडून बनवलेली पेटी असते. पोलादाला हे सहज मानवते. ७०७५ नेहमीच्या वेल्डिंगने तडकते. वेल्डिंगला चालणारा ६०६१ हा दुसरा मिश्रधातू सांध्याजवळ आपली बरीच ताकद गमावतो आणि पुन्हा उष्णतेची प्रक्रिया केल्याशिवाय ती परत येत नाही. खडकवाल्यांचा रॉड सरळ असतो, दोन्ही टोकांना आटे पाडले की झाले. वेल्डिंगचा प्रश्नच येत नाही.

कारखान्यातून येणाऱ्या काही गाड्यांत फोर्ज केलेले, म्हणजे दाबून घडवलेले, अ‍ॅल्युमिनियमचे आर्म आणि नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) असतात, ते मात्र वजनासाठीच. चाक, ब्रेक, नकल यांचा भार स्प्रिंगवर नसतो. तो कमी झाला की खडबडीत रस्त्यावर टायर जमीन सोडत नाही. प्रत्येक चाक स्वतंत्र असेल तिथेच हा फायदा जाणवतो. मारुती जिम्नीसारख्या, दोन्ही चाके एकाच अखंड आसावर असलेल्या गाडीत आसाचेच वजन इतके असते की हलके रॉड बसवून चालवताना काही कळणार नाही. तिथे मी पोलादच ठेवीन. आडगावात वाकलेला पोलादी रॉड ठोकून, वेल्ड करून घरापर्यंत पोहोचता येते.

अ‍ॅल्युमिनियमचे रॉड बसवलेच असतील तर दोन जागा पाहत राहा. खडकाने पाडलेली खोल खाच, कारण तडा तिथूनच सुरू होतो; ती कानशीने घासून गुळगुळीत करावी. आणि रॉडच्या टोकाचा पोलादी जॉइंट जिथे अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांत जातो ती जागा. तिथे खारे पाणी साचले की अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरी पूड धरते आणि जॉइंट असा घट्ट बसतो की फिरवताना आटेच उपटून येतात. बसवतानाच आट्यांना अँटी-सीझ ग्रीस लावले तर पुढे ते मोकळे सुटतात.