बीमला पडणारा पीळ

खडूचा तुकडा दोन्ही टोकांना धरून ओल्या कपड्यासारखा पिळून बघा. तो सरळ आडवा मोडत नाही. मोडलेली कड गोल जिन्यासारखी फिरत, साधारण ४५ अंशांत तिरकी गेलेली दिसते. पिळल्यावर सर्वांत जास्त ताण येतो तो या तिरक्या कडेला काटकोनात, आणि खडूला दाब सोसतो, ताण सोसत नाही. काँक्रीटही त्याच जातकुळीचं. दाब पेलण्याच्या ताकदीच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा ताण त्याला झेपतो.

आता दारावर पुढे काढलेला छज्जा घ्या, ज्याच्या मागे स्लॅब नाही. तो १.२ मीटर पुढे आणि १०० मिलिमीटर जाड असेल, तर मीटरमागे त्याचं स्वतःचं वजनच ३०० किलो. हे वजन बीमच्या मध्यापासून सुमारे ०.७ मीटर बाहेर असतं, त्यामुळे बीम पुढे कलंडू पाहतो. टोकांचे कॉलम त्याला कलंडू देत नाहीत, आणि बीम पिळला जातो. बीम ३ मीटर लांब, २३० मिलिमीटर रुंद धरला, तर छज्ज्याचं वजन प्रत्येक टोकाला येतं फक्त ४५० किलो. पण काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं तसं पिळाला १.६ ने गुणून रुंदीने भागा: त्याच छज्ज्याचा पीळ सुमारे २,२०० किलोंच्या जादा शिअरच्या, म्हणजे बीमला कापू पाहणाऱ्या भाराच्या, बरोबरीचा ठरतो! वजन मोजून पिळाकडे दुर्लक्ष करणं किती महागात पडेल, ते यावरून कळावं.

आतल्या स्लॅबला चिकटलेल्या कडेच्या बीमची गोष्ट वेगळी. तिथे थोडा तडा गेला की बीम सैल होतो आणि भार दुसऱ्या वाटेने जातो. आपल्या छज्ज्याला दुसरी वाटच नाही.

पीळ पेलताना बीमचा गाभा जवळपास रिकामाच असतो. काम करते ती बाहेरची साल. म्हणून तडे गेलेला बीम ही एक पोकळ नळीच समजतात. तिच्या चारही बाजूंना काँक्रीटचे तिरके पट्टे दाब घेतात, तर रिंगा (सळयांभोवती घातलेली लोखंडी कडी) आणि कोपऱ्यांतून बीमच्या लांबीने जाणाऱ्या सळया ताण घेतात. १९२९ साली जर्मनीत अभियंते राउश यांनी हे चित्र मांडलं. कागदाची सुरळी करून कड चिकटवा आणि पिळा. मग कड सोडून पिळा. फरक हाताला कळतो. वरून उघडी ठेवलेली रिंग म्हणजे न चिकटवलेली सुरळी.

रिंगेच्या टोकाचा आकडाही म्हणूनच १३५ अंशांत वाकवून गाभ्यात घुसवायचा. ९० अंशांचा आकडा कव्हरमध्येच, म्हणजे सळयांबाहेरच्या काँक्रीटच्या थरातच, पडून राहतो. पिळाने कव्हर सुटलं की तो उघडतो आणि रिंग असून नसल्यासारखी होते. २३० बाय ४५० मिलिमीटरच्या बीममध्ये पिळासाठी रिंगांमधलं अंतर १४० मिलिमीटरच्या आसपासच ठेवावं लागतं. कॉलमजवळ तर ते तपासाच. पीळ तिथेच सर्वांत जास्त असतो, आणि सळयांच्या गर्दीत हात शिरत नाही म्हणून रिंगा विरळ पडतात त्याही तिथेच.