पॅलिड की माँटेग्यू? कंबर सोडा, मान बघा

थंडी पडली की माळरानावर हॅरियरची, म्हणजे भोवत्या या आपल्या शिकारी पक्ष्यांची, गणती सुरू होते आणि त्यातल्या पॅलिड आणि माँटेग्यू या दोन जातींबद्दल दरवर्षी तेच ऐकू येतं: "कमरेवर पांढरा पट्टा होता, म्हणजे पॅलिडची मादी." अहो, तो पट्टा माँटेग्यूच्या मादीलाही असतो! नुसत्या पट्ट्यावर नोंद ठोकणाऱ्यांना काय म्हणावं?

नरांवर शब्द खर्च करत नाही. पॅलिडचा फिकट, पंखाच्या टोकाला काळी पाचर. माँटेग्यूचा जरा गडद, पंखावर काळी रेघ. संपलं.

घोडं अडतं ते माद्यांपाशी. गालावर गडद डाग दोघींनाही असतो, त्यामुळे तिथे रेंगाळू नका. डागाच्या मागे बघा. पॅलिडला तिथे गळपट्टा गुंडाळल्यासारखी फिकट पट्टी असते, आणि पट्टीच्या मागे मानेची बाजू पुन्हा गडद. त्या गडद मानेमुळेच पट्टी उठून दिसते. माँटेग्यूला ही पट्टी जवळजवळ नसतेच. उलट डोळ्याभोवतीचं पांढरं जास्त भरतं. पहिल्या हिवाळ्यातली पिल्लं दोन्हीकडे खालून तांबूस, बिनरेघांची. तिथेही मानच कामी येते, पॅलिडच्या पिल्लात तर पट्टी आणखी ठसठशीत.

मान दिसली नाही तर पंखाची खालची बाजू. माँटेग्यूच्या मादीत गडद पट्ट्यांमधली फिकट जागा अंगापर्यंत स्वच्छ राहते. पॅलिडमध्ये ती अंगाकडे येता येता काळवंडते, म्हणून पंखाचा आतला भाग मळकट वाटतो. उडत्या पक्ष्याचे चार-पाच फोटो सलग घ्या. एकाच फोटोवर वाद घालणाऱ्यांचा मला कंटाळा आहे.

गुजरातेत वेळावदरच्या राष्ट्रीय उद्यानात संध्याकाळी भोवते शेकड्यांनी गवतात रातथाऱ्याला उतरतात. सूर्य कलल्यावर रंग मेलेले असतात, नुसत्या आकृत्या उरतात. तेव्हा ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर, सरळ 'पॅलिड/माँटेग्यू' असा जोडपर्याय निवडावा. 'अंदाजे पॅलिड' लिहिलेली यादी मला नको.

त्याच गवतातून तिन्हीसांजेला आखूड कानांचं घुबड उठतं. मोठं बोथट डोकं, तोकडी शेपूट. त्याला भोवत्या समजणाऱ्याने आधी दुर्बीण पुसावी. आणि घुबड उठवायला गवतात शिरणाऱ्याला पुढच्या गणतीला बोलावू नये. त्याच्या पायी आधी बसलेले भोवते पुन्हा उडतात आणि दोनदा मोजले जातात.