परदेशी शाखेत काय शिकवायचे, हे कोण ठरवते?

‘परदेशी विद्यापीठाची दुबईतली किंवा मलेशियातली शाखा म्हणजे नुसती पाटी; अभ्यासक्रम आणि गुण तर इमारत बांधून देणारा स्थानिक भागीदारच ठरवतो,’ असा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. जागा, वसतिगृह, जाहिरात ही कामे बऱ्याचदा भागीदाराकडे असल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे.

मात्र ब्रिटिश विद्यापीठाची पदवी कोठेही शिकवली गेली, तरी तिच्या दर्जाची जबाबदारी पदवी देणाऱ्या विद्यापीठाचीच असते. त्यामुळे अभ्यासक्रमाची मंजुरी, परीक्षेचे नियम आणि बाह्य परीक्षकांची नेमणूक हे अधिकार साधारणतः मूळ विद्यापीठाच्या विद्वत्सभेकडेच (शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या मंडळाकडेच) राहतात. वेळापत्रक, व्याख्याने, स्थानिक उदाहरणे एवढे शाखेतील प्राध्यापकांच्या हाती असते (आणि वर्गात बसणाऱ्याच्या दृष्टीने ते मुळीच थोडे नाही). यजमान देशाचाही शब्द चालतो: मलेशियात १९९६ च्या खासगी उच्चशिक्षण कायद्याखाली काही विषय अनिवार्य आहेत आणि त्यातून परदेशी शाखाही सुटत नाहीत.

पडताळणीसाठी मूळ विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमपत्रिका शाखेच्या पत्रिकेशेजारी ठेवावी आणि विषयांचे संकेतांक, श्रेयांक, लेखी परीक्षेचा वाटा जुळतो का, हे पाहावे. फरक दिसल्यास तो कोणी मंजूर केला, हे प्रवेश कार्यालयाला लेखी विचारावे.