बॅच-समन्वयक

बॅच-समन्वयक : महाविद्यालयातून एका वर्षी शिकून गेलेल्या विद्यार्थ्यांना पुढच्या आयुष्यात एकमेकांशी व आपल्या संस्थेशी जोडून ठेवणारा त्यांच्यातलाच एक जण. हे काम स्वखुशीचे असते. त्याला वेतन नाही, मुदत नाही आणि बहुतेक ठिकाणी निवडणूकही नाही. सोलापुरात बोलताना ‘को-ऑर्डिनेटर’ किंवा नुसते ‘अ‍ॅडमिन’ म्हणतात. माजी विद्यार्थी संघ आणि बॅच यांत गल्लत होऊ नये. संघ सगळ्या संस्थेचा असतो, नोंदणीकृत असतो, त्याला घटना व कार्यकारिणी असते. बॅच एका वर्षाची असते आणि तिला यांपैकी काहीच नसते. तरीही संघाचा निरोप माणसाच्या घरापर्यंत पोचतो तो बॅचमधूनच.

संज्ञा व वर्षगणना : ‘बॅच’ला ‘तुकडी’ हा प्रतिशब्द सुचवला जातो. पण शाळेत तुकडी म्हणजे अ, ब, क, त्यामुळे एका वर्षाच्या सगळ्या मुलामुलींसाठी तो अपुरा पडतो. ‘वर्ग’ हा शब्द वर्गखोलीशी बांधलेला आहे. इंग्रजी शब्द टिकला तो या अडचणीमुळे. प्रात्यक्षिकांसाठी केलेल्या वीस-पंचवीस जणांच्या गटालाही ‘बॅच’च म्हणतात. हा दुसरा अर्थ पुढे शोधकार्यात उपयोगी पडतो.

‘अमुक सालची बॅच’ म्हणताना साल कोणते धरायचे, याबाबत एकवाक्यता नाही. शाळांत शालान्त परीक्षेचे वर्ष धरतात. त्यातही १९७५ च्या सुमारास अकरावीची शालान्त परीक्षा जाऊन दहावीची आली, तेव्हा दोन वर्ग एकदम शाळेबाहेर पडले. त्या सालच्या यादीत ‘अकरावीवाले’ आणि ‘दहावीवाले’ अशी फोड करावी लागते. अभियांत्रिकीत सहसा उत्तीर्ण होण्याचे वर्ष, तर वैद्यकीय शिक्षणात प्रवेशाचे वर्ष धरण्याची रीत आहे. एकाच घरातला अभियंता ‘एक्क्याण्णवची बॅच’ म्हणतो तेव्हा त्याचे शिक्षण संपलेले असते. त्याची डॉक्टर बहीण तेच म्हणते तेव्हा तिचे सुरू झालेले असते.

हा भेद कसा पडला, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिल्यानुसार हा वारशाचा भाग आहे. ऑक्सफर्डमधील महाविद्यालये आपल्या माजी विद्यार्थ्यांना स्नेहभोजनाला बोलावतात ती प्रवेशवर्षानुसार, तर अमेरिकी विद्यापीठांत पदवीचे वर्ष नावापुढे लावण्याची प्रथा रूढ आहे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजपासून (१८४५) आपल्याकडील वैद्यकीय शिक्षण ब्रिटिश वळणाने वाढले, म्हणून प्रवेशवर्ष, असा हा युक्तिवाद. दुसरे स्पष्टीकरण साधे आहे. एमबीबीएसला एखादा विषय राहिला की विद्यार्थी मागे पडून ‘ऑड बॅच’मध्ये जातो. बरोबर आलेले सगळे बरोबर बाहेर पडत नाहीत, म्हणून सगळ्यांना समान असे प्रवेशाचेच वर्ष उरते. याउलट अभियांत्रिकीत पदविका करून आलेले विद्यार्थी थेट दुसऱ्या वर्षाला दाखल होतात. प्रवेशवर्ष धरले तर ते बॅचमध्ये बसतच नाहीत, म्हणून तिथे शेवटचे वर्ष. हे दुसरे स्पष्टीकरण अधिक पटणारे आहे, कारण ते दोन्ही शाखांना लागू पडते आणि कोणाला वगळायचे नाही ही भावना त्यामागे दिसते. समन्वयकाने यादी करताना हेच तत्त्व पाळावे. मध्येच शिक्षण सोडलेला, वर्ष वाया गेलेला, बदली होऊन दुसऱ्या गावी गेलेला, असे सगळे बॅचचेच.

उगम : वर्षवार संघटनेचा आरंभ साधारणपणे अमेरिकेत मानला जातो. येल विद्यापीठाच्या परंपरेत ही पद्धत १७९२ पर्यंत मागे नेली जाते. त्यात प्रत्येक वर्गाचा एक चिटणीस असे आणि तो वर्गबंधूंची खबर ठेवी. विल्यम्स महाविद्यालयातील माजी विद्यार्थी मंडळ (१८२१) हे अशा मंडळांत सर्वांत जुने समजतात, पण ते सबंध संस्थेचे होते, वर्गाचे नव्हे. निधी गोळा करण्याची रीतसर व्यवस्था येलमध्ये १८९० पासून आहे. माजी विद्यार्थ्यांनी वर्षातून एकदा महाविद्यालयात परतण्याच्या सोहळ्याचा मान बेलर (१९०९), इलिनॉय (१९१०) आणि मिसूरी (१९११) ही तिन्ही विद्यापीठे आपल्याकडे घेतात. यातला कोणताही दावा निर्णायक मानण्याचे कारण नाही. लहान प्रमाणात असे मेळावे त्याआधीही होत असणार.

सोलापुरातील प्रथा थेट तिथून आली असे म्हणणे मात्र कठीण आहे. ‘रियुनियन’ हा शब्द आणि पंचविसाव्या वर्षाचा थाट बाहेरून आला असेल. कामाची घडी इथलीच दिसते. वर्गणी काढणे, पावतीपुस्तक फाडणे, खर्चाचा ताळेबंद फलकावर लावणे, कार्यकर्त्यांनी कामे वाटून घेणे, हे सगळे या शहराने गणेशोत्सवात आणि तालमींत शिकलेले आहे. शुक्रवार पेठेतील आजोबा गणपतीच्या सार्वजनिक उत्सवाची परंपरा १८८५ पर्यंत मागे नेली जाते. ही तारीख वादाची असली तरी वर्गणीची सवय जुनी आहे यात शंका नाही. पेठेत मंडळाचा खजिनदार राहिलेला माणूस बॅचचा समन्वयक झाला की त्याला वेगळे काही शिकवावे लागत नाही.

सोलापूरचे विशेष : इथे ‘विद्यापीठाचा माजी विद्यार्थी’ ही ओळख कमी आणि महाविद्यालयाची ओळख घट्ट आहे. कारण विद्यापीठ बदलत गेले आणि महाविद्यालय जागेवर राहिले. १९४० मध्ये सुरू झालेल्या दयानंद महाविद्यालयाच्या पदव्यांवर क्रमाने मुंबई, पुणे (विद्यापीठाची स्थापना १९४९), शिवाजी (१९६२) आणि सोलापूर (२००४) अशा चार विद्यापीठांची नावे येतात. संगमेश्वर महाविद्यालय १९५३ चे आणि वालचंद तंत्रशास्त्र संस्था १९८३ ची, म्हणून त्यांचाही बराच काळ इतर विद्यापीठांत गेला. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९६३) शिवाजी विद्यापीठाकडून पुढे नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे (१९९८) गेले. सोलापूर विद्यापीठाला २०१९ मध्ये पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव मिळाले. त्याचे क्षेत्र एकाच जिल्ह्याचे आहे, आणि विद्यापीठाच्या केगाव येथील आवारात पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांच्या बॅचेस अजून तरुण आहेत.

दुसरे कारण स्थलांतराचे. १८७७ ची ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी आणि तिच्यामागून आलेल्या गिरण्या विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेक करून बंद पडल्या. शिकलेल्या मुलांनी पुण्याची वाट धरली. आज कित्येक बॅचेसची निम्मीशिम्मी माणसे पुण्यात भेटतात, पण मेळावा सोलापुरातच व्हावा असा आग्रह धरणारेही बहुधा तेच असतात. समन्वयकाने तो आग्रह मानावा. गावात राहून दुकान, शेती, शाळा सांभाळणाऱ्यांना दर वेळी पुण्याला बोलावले की ते हळूहळू येईनासे होतात.

शोधकार्य : समन्वयकाचे खरे काम हे आहे, मेळावा हा त्याचा दिसणारा भाग. आरंभ हजेरीपटापासून होतो. तो नसेल तर निरोप समारंभाच्या छायाचित्रापासून. महाविद्यालयाच्या जनरल रजिस्टरमधून नावे हवी असतील तर प्राचार्यांना रीतसर अर्ज करावा लागतो. सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे रोल नंबरचा शेजारी. प्रात्यक्षिकाच्या बॅचमध्ये एका टेबलावर दोन-तीन वर्षे काढलेली, एकमेकांची जर्नल उतरवलेली माणसे परस्परांची घरे विसरत नाहीत. म्हणून ४१ क्रमांक हरवला असेल तर आधी ४० आणि ४२ ला विचारावे.

विवाहित स्त्रियांचा शोध सर्वांत कठीण. हजेरीपटावर माहेरचे नाव, फोनच्या यादीत सासरचे, आणि काहींचे तर पहिले नावही बदललेले. माहेरी फोन करून चौकशी करण्याचे काम पुरुष समन्वयकाने करू नये, हा सोलापुरात पाळला जाणारा संकेत योग्यच आहे. घरचे बिचकतात आणि तिला ग्रुपमध्ये येणे अवघड होऊन बसते. वर्गमैत्रिणीने केलेल्या एका फोनवर मात्र अर्धा तास गप्पा होतात आणि आणखी तीन नावे हाती लागतात. म्हणून प्रत्येक बॅचला एक स्त्री समन्वयक हवीच, तीही नावापुरती नव्हे.

सोलापूर शहराच्या पूर्व भागातील तेलुगू भाषक विणकर कुटुंबांतून आलेल्या विद्यार्थ्यांची अडचण वेगळी. हैदराबादकडे नोकरीला गेलेल्याचे आडनाव तिकडे नुसत्या आद्याक्षरापुरते उरते, त्यामुळे इंटरनेटवर शोधून तो सापडत नाही. अक्कलकोट, कलबुर्गी, विजयपूर भागातले कानडी भाषक वर्गमित्रही असेच दूर जातात. ग्रुपवर मराठी, कानडी, तेलुगू, दखनी सगळे मिसळून चालते. त्याला शिस्त लावायला जाऊ नये, कारण त्या मिश्र बोलीत कॉलेजचा कट्टा जिवंत असतो.

नोंदकाराने पाहिलेली एका समन्वयक बाईंची दोनशे पानी वही इथे नमुना म्हणून सांगण्याजोगी आहे. प्रत्येक रोल नंबरला अर्धे पान दिलेले. त्यावर माहेरचे नाव, आताचे नाव, गाव, फोन आणि त्याखाली दोन ओळी : ‘कोणामुळे सापडली’ आणि ‘शेवटचे बोलणे’. फोन बदलला की जुना खोडून नवा लिहायचा, पण जुना वाचता येईल असाच खोडायचा. वारलेल्यांच्या पानावर तारीख, आणि घरच्यांचा फोन तसाच ठेवलेला. दिवाळीत त्या घरांनाही फोन जातो. मोबाइलमधली यादी हँडसेटबरोबर हरवते, म्हणून ही वही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपची मर्यादा पूर्वीच्या २५६ वरून आता १,०२४ वर गेली असल्याने सबंध वर्ष एका ग्रुपमध्ये मावते. पण ग्रुपमध्ये असणे म्हणजे संपर्कात असणे नव्हे. वर्षभर एक अक्षर न लिहिणाऱ्याला स्वतः फोन करणे हे समन्वयकाचे कर्तव्य आहे. आजारपण, नोकरी जाणे, घरातले दुःख ग्रुपवर कोणी लिहीत नाही.

मेळावा : काळ डिसेंबर-जानेवारीचा. परदेशी गेलेले त्या सुमारास येतात, मकरसंक्रांतीला श्रीसिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते आणि ज्वारीचा हुरडा तेव्हाच असतो. उन्हाळ्यात चाळीस अंशांपुढे जाणाऱ्या पाऱ्यात कोणी कार्यक्रम ठेवत नाही. सभागृहातला कार्यक्रम ठरीव असतो : दीपप्रज्वलन, दिवंगतांना श्रद्धांजली, गुरुजनांचा सत्कार, मनोगते, जेवण, छायाचित्र. सत्काराला शाल-श्रीफळाबरोबर सोलापुरी चादर देण्याची रीत चांगली आहे. दुसऱ्या दिवशी एखाद्या वर्गमित्राच्या शेतावर हुरडा. आगटीभोवती गोल बसायचे, भाजलेले कणीस हातावर चोळून गरम दाणे शेंगाचटणी आणि गुळाबरोबर खायचे. सभागृहात मनोगत देताना अवघडलेला माणूस इथे बोलता होतो. ज्यांचे आयुष्य फारसे वर आले नाही ते सभागृहातल्या ‘स्वतःची ओळख करून द्या’ या भागाला घाबरून येत नाहीत, असा अनेक समन्वयकांचा अनुभव आहे. हुद्दा न सांगता फक्त नाव आणि रोल नंबर सांगण्याची पद्धत ज्या बॅचने ठेवली, तिथे दुसऱ्या वर्षी माणसे वाढतात.

पैसा व कायदा : बॅच नोंदणीकृत नसल्याने वर्गणी बहुधा एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात येते. दोघांच्या संयुक्त नावाचे वेगळे खाते असावे आणि हिशेब कार्यक्रमानंतर आठवड्याच्या आत ग्रुपवर यावा. वर्गणी सर्वांना झेपेल अशी ठेवून वरची तूट ज्यांना शक्य आहे त्यांनी न बोलता भरायची, ही रीत जुनीच. महाविद्यालयासाठी देणगी द्यायची असेल तर ती नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघामार्फत द्यावी. महाराष्ट्रात असे संघ सामान्यतः संस्था नोंदणी अधिनियम, १८६० व सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या दोन्हींखाली नोंदवले जातात. संस्थेच्या नोंदणीसाठी किमान सात सभासद लागतात. आयकर कायद्याखाली देणगी-सवलतीची मान्यता (१९६१ च्या कायद्यात कलम ८०जी) असेल तरच देणगीदाराला सवलत मिळते, आणि रोख देणगी २,००० रुपयांवर असेल तर तीही नाही.

परदेशस्थ वर्गमित्रांबाबत एक बारकावा नेहमी निसटतो. भारतीय नागरिकत्व राखून परदेशात राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून दिलेली रक्कम विदेशी अंशदान (परदेशी स्रोताकडून आलेली देणगी) ठरत नाही. तोच मित्र अमेरिकेचा नागरिक झाला असेल तर ती ठरते, आणि २०१० च्या विदेशी अंशदान अधिनियमाखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या संघाला ती घेता येत नाही. विचारणे अवघड वाटले तरी पैसे घेण्याआधी नागरिकत्व विचारावे.

महाविद्यालयांना अलीकडे बॅचेसची आठवण अधिक येते, त्याचे एक कारण नॅकचे (राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेचे) मूल्यांकन. त्याच्या सात निकषांच्या चौकटीत पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला स्वतंत्र स्थान मिळाले. कारण काही असो, त्यामुळे दार उघडले आहे. मात्र महाविद्यालयाने केवळ समितीच्या भेटीच्या दिवशी बोलावले तर समन्वयकाने हे पटत नाही असे स्पष्टपणे सांगावे. देणगीपेक्षा अंतिम वर्षाच्या मुलांना नोकरीच्या मुलाखतीची तयारी करून देणे, पुण्यात उतरण्याची सोय पाहणे, यांचा उपयोग अधिक होतो.

विद्यापीठाच्या अधिसभेच्या (सिनेटच्या) निवडणुकीत यादीला मागणी येते. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार नोंदणीकृत पदवीधरांमधून अधिसभेवर दहा सदस्य निवडून जातात. पण नोंदणीकृत पदवीधर होण्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो; बॅचची यादी म्हणजे मतदारयादी नव्हे. स्नेहासाठी दिलेले फोन नंबर प्रचाराला देणे हा विश्वासघात आहे. समन्वयक स्वतः उमेदवार असेल तर त्याने तेवढ्या काळापुरती वही दुसऱ्याकडे द्यावी.

उत्तराधिकार : पद मुदतीचे नसल्याने बरेच समन्वयक तहहयात राहतात आणि ते थकले की बॅचही गप्प होते. यावर सोलापुरात रूढ होत असलेला उपाय म्हणजे जोडी : एक गावातला, एक पुण्याचा. वारल्याची बातमी गावातल्याला आधी कळते, नोकरी लागल्याची पुण्याच्याला. वहीच्या दोन प्रती ठेवतात आणि हुरड्याच्या दिवशी शेतावर बसून त्या एकमेकींशी ताडून पाहतात.