लहान मुलांसाठी स्पॅनिश गाणी शोधताना
(आमच्या वर्गातल्या ३ ते ७ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठी)

इंग्रजीतून ‘स्पॅनिश ऱ्हाइम्स’ असं शोधलं की बहुतेक वेळा इंग्रजी बालगीतांची स्पॅनिश भाषांतरंच समोर येतात. चाल इंग्रजी शब्दांच्या मापाची आणि तिच्यात कोंबलेले स्पॅनिश शब्द, त्यामुळे आघात, म्हणजे उच्चारातला जोर, भलत्याच अक्षरावर पडतो. मूल शब्दासोबत तो चुकीचा आघातही पाठ करतं. म्हणून आमचा आग्रह आहे की गाणं मुळात स्पॅनिशमध्येच जन्मलेलं असावं.

त्यासाठी गाण्याच्या प्रकाराचं स्पॅनिश नाव टाकून शोधा. ‘कान्सिओनेस इन्फान्तिलेस’ म्हणजे बालगीतं. या शब्दांनी ढीगभर सापडतं, पण निवडत बसावं लागतं. अंगाई हवी असेल तर ‘नानास’ किंवा ‘कान्सिओनेस दे कूना’. फेर धरून म्हणायच्या गाण्यांना स्पेनमध्ये ‘कान्सिओनेस दे कोर्रो’ म्हणतात, लॅटिन अमेरिकेत ‘रोन्दास’. टाळ्यांचे खेळ म्हणजे ‘खुएगोस दे पाल्मास’. गाण्याच्या नावापुढे ‘लेत्रा’ जोडलं की शब्द लिहिलेले मिळतात. ही सगळी नावं वर्गाच्या वहीत पहिल्या पानावर रोमन लिपीत छापली आहेत. फोनमध्ये स्पॅनिश कीबोर्ड घाला. त्यात ‘न्य’ उच्चाराचं अक्षर, म्हणजे डोक्यावर लाट असलेला ‘एन’, वेगळं असतं. ती लाट राहिली तर ‘आन्यो’ (वर्ष) या शब्दाचा ‘आनो’ होतो, आणि ते शरीराच्या नको त्या भागाचं नाव आहे.

सुरुवात हातवाऱ्यांच्या गाण्यांनी करा. आपण तळहातावर ‘इथे इथे बैस रे मोरा’ करतो, तसं स्पेनमध्ये ‘सिंको लोबितोस’ आहे: लांडगीची पाच पिल्लं. हात वर धरून, बोटं पसरून मनगट गोल फिरवायचं, बस. तान्ह्या बाळापासून चालतं. ‘आसेर्रिन, आसेर्रान’ हे करवतीचं गाणं. मुलाला मांडीवर समोरासमोर बसवा, दोन्ही हात धरा आणि तालावर पुढेमागे झुलवा. मूल पडलं, लागलं की दुखऱ्या जागी हात फिरवत म्हणायचं ते ‘साना, साना’. ते फक्त दोन ओळींचं आहे आणि गरजेच्या क्षणी येतं, म्हणून सगळ्यांत लवकर पाठ होतं.

त्यानंतर ‘लोस पोयितोस दीसेन’ (कोंबडीची पिल्लं म्हणतात). चिलीच्या इस्माएल पार्रागेस यांनी १९०७ साली छापलेल्या बालकवितांमधलं हे गाणं आज सगळ्या स्पॅनिशभाषक जगात म्हटलं जातं. आपली पिल्लं ‘चिव चिव’ करतात, ही ‘पीयो पीयो’. भूक आणि थंडी हे दोन शब्द इथे आयते मिळतात.

आकड्यांसाठी कोळ्याच्या जाळ्यावर झुलणाऱ्या हत्तीचं गाणं घ्या. दर कडव्याला एक हत्ती वाढतो. एका हत्तीसाठी क्रियापद ‘बालान्सेआबा’, दोन झाले की ‘बालान्सेआबान’. अनेकवचनाचा हा शेवटचा ‘न’ न शिकवता बसतो, म्हणून तो गिळू देऊ नका. ‘उना आरान्या’ (एक कोळी) मात्र गाताना ‘उनारान्या’ असंच होतं. दोन स्वर भेटले की जोडले जातात, आपल्या संधीसारखे. तोडून म्हटलं तर ताल चुकतो.

एकाच गाण्याचे पाठभेद बरेच असतात. ‘आर्रोस कोन लेचे’ (म्हणजे चक्क तांदळाची खीर) या फेराच्या गाण्यातली मुलगी कुठे सान निकोलासची, कुठे राजधानीची, कुठे पोर्तुगालची. कोणतंही चूक नाही, पण घरात एकच ठेवा. दोन पाठभेद मिसळले की मूल मधल्या ओळीवर अडतं आणि गाणं सोडून देतं. उच्चारांचंही तेच. ‘दीसेन’मधला ‘से’ स्पेनच्या बहुतेक भागात जीभ दातांत धरून म्हणतात, लॅटिन अमेरिकेत साधा ‘से’. ‘पोयितो’ अर्जेंटिनात ब्युनोस आयरेसकडे ‘पोशितो’ ऐकू येईल. वर्गात आम्ही लॅटिन अमेरिकेचे उच्चार घेतो, तेव्हा घरीही शक्यतो त्याच बाजूचं ध्वनिमुद्रण निवडा.

मराठी मुलांना इथे एक मोठी सोय आहे. स्पॅनिशचे ‘त’, ‘प’, ‘क’ आपल्यासारखेच, हवा न सोडता येतात. इंग्रजीच्या सवयीने ‘ट’ किंवा ‘फ’कडे झुकणारा उच्चार तेवढा थांबवा. ‘पेरो’ (पण) आणि ‘पेर्रो’ (कुत्रा) यांतला फरक मात्र मुद्दाम घोटावा लागतो.

एका वेळी एकच गाणं, दोन आठवडे, रोज तीन-चारदा. पहिले दोन दिवस व्हिडिओचा वेग ०.७५ वर ठेवा. पडदा झाकून नुसतं ऐकवा, कारण चित्र हलत असलं की मूल बघतं, म्हणत नाही. आपोआप पुढचं गाणं लागण्याची सोय बंद करा.

पाच वर्षांपुढे गोष्टीची गाणी झेपतात. मेक्सिकोचे फ्रान्सिस्को गाबिलोन्दो सोलेर १९३४ पासून रेडिओवर ‘क्री-क्री’ या गाणाऱ्या रातकिड्याच्या रूपात गात. अर्जेंटिनाच्या मारिया एलेना वाल्श यांची गाणी शब्दखेळांनी भरलेली आहेत. दोघांचीही गाणी आधी तुम्ही शब्द वाचून घ्या, मग लावा.

घरी पेटी किंवा कीबोर्ड वाजवणारं कुणी असेल तर बार्सिलोनाच्या संशोधन संस्थेचा ‘फोन्दो दे मूसिका त्रादिसिओनाल’ हा संग्रह इंटरनेटवर बघा. १९४४ ते १९६० या काळात स्पेनभर फिरून जमवलेल्या चाली तिथे स्वरलिपीसह आहेत. त्यातली एखादी आवडली तर शब्द छापून वर्गात आणा. उच्चार आम्ही देवनागरीत लिहून देऊ.