'बे हाथी' ते ३.२.१ : बोधचिन्हांच्या वर्गवारीची पार्श्वभूमी

स्कॉटलंडच्या ऑर-यूइंग कंपनीचं लाल रंगाचं सूत एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि एडनला विकायला येई. त्यावर चिकटवलेल्या तिकिटावर दोन हत्ती होते. कंपनीचं इंग्रजी नाव वाचणारं गिऱ्हाईक विरळाच. लोक थेट 'बे हाथी' मागत. (पाढ्यातला 'बे' आपलाही, पण इथला बहुधा कापडबाजारातल्या गुजरातीचा.) पुढे दुसऱ्या एका व्यापाऱ्यानं दोन हत्तींचंच तिकीट काढलं आणि भांडण लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. नावं निराळी होती, शेजारीशेजारी ठेवली तर तिकिटंही निराळी दिसत. तरी १८८२ मध्ये निकाल ऑर-यूइंगच्या बाजूनं लागला. बाजारात दोन्ही सुतांना 'बे हाथी'च म्हटलं जाणार, हे न्यायाधीशांना पटलं.

चित्राला लोक काय म्हणतात, यावर त्याची ओळख ठरते. 'घोडा छाप', 'वाघ छाप' म्हणणाऱ्या आपल्या बाजाराला हे कुणी शिकवावं लागलं नाही. अशा व्यापारी चिन्हांची, म्हणजे ट्रेडमार्कची, नोंदणी करणाऱ्या कचेऱ्यांना मात्र ते जड गेलं. ब्रिटनमध्ये १८७५ च्या कायद्यानं नोंदणी सुरू झाली आणि १ जानेवारी १८७६ ला पहिला मान बास कंपनीच्या बिअरवरच्या लाल त्रिकोणाला मिळाला. पहिल्या चिन्हाला आधीचं काही तपासायची गरज नव्हती. पण हजारो चिन्हं जमल्यावर नवा त्रिकोण आला, तर जुने त्रिकोण शोधायचे कसे? शब्द अकारविल्हे लावता येतात, चित्राला अकारविल्हे नसते.

माल आणि सेवांची वर्गवारी १९५७ च्या नीस करारानं लावली होती. चित्रांसाठीचा करार १२ जून १९७३ रोजी व्हिएन्नात झाला, पण अंमलात यायला ९ ऑगस्ट १९८५ उजाडलं. त्यात २९ वर्ग आहेत : पहिला सूर्य-चंद्र-ताऱ्यांचा, दुसरा माणसांचा, तिसरा प्राण्यांचा, चौथा काल्पनिक आणि अलौकिक जिवांचा, शेवटी भौमितिक आकृत्या, अक्षरं आणि रंग. वर्गाखाली विभाग, विभागाखाली पोटविभाग. सिंह ३.१.१, हत्ती ३.२.१, उगवता किंवा मावळता सूर्य १.३.१. बासचा त्रिकोण २६.३ मध्ये बसतो.

खरी गंमत चित्राला नाव देताना येते. अर्धवर्तुळ आणि वर चार रेषा : सूर्य की नुसती भूमिती? गणपती हत्तींत घालायचा की चौथ्या वर्गात? म्हणून एका चिन्हाला अनेक क्रमांक देण्याची सोय आहे, आणि माझ्या मते या पद्धतीतला सर्वांत शहाणपणाचा भाग हाच. दुसरा शहाणपणा करारातच लिहिलेला आहे : हे क्रमांक शोधासाठी आहेत, चिन्हाला संरक्षण किती मिळणार हे त्यांच्यावरून ठरत नाही. सारखेपणाचा निवाडा माणसानंच करायचा.

भारतासाठी हा करार ७ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाला. त्याच वर्षी जागतिक बौद्धिक संपदा संघटनेनं आपल्या ब्रँड-संग्रहात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा चित्रशोध आणला. त्यात क्रमांक ठाऊक नसला तरी चालतो, चित्र चढवलं की पुरे. मुंबईत मुख्यालय असलेल्या आपल्या ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात मात्र शब्द आणि उच्चार यांच्या जोडीला व्हिएन्ना कोडचा, म्हणजे वरच्या वर्गवारीतल्या क्रमांकाचा, रकाना आहे. तिथे कोड सहा आकडी लागतो, म्हणजे हत्तीसाठी ०३०२०१.