बीम डंप: या ‘डंप’मध्ये नेमकं काय टाकतात?

‘बीम डंप’ म्हटलं की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे देवनारचं डम्पिंग ग्राउंड येतं. अणुसंशोधनाचं ट्रॉम्बे त्याच्या शेजारीच, त्यामुळे गैरसमज आणखी घट्ट होतो. पण बीम डंप म्हणजे कणांना वेग देणाऱ्या यंत्रातला कणांचा झोत (बीम) अडवून थांबवणारा ठोकळा. फ्रान्स-स्वित्झर्लंड सीमेखालच्या २७ किलोमीटरच्या भुयारात, ‘लार्ज हॅड्रॉन कोलायडर’ या यंत्रात, फिरणारा प्रोटॉनांचा झोत वजनाने जेमतेम अर्धा नॅनोग्रॅम. टाकायची असते ती ऊर्जा. मूळ आराखड्यात ती एका झोतामागे ३६२ मेगाज्यूल आहे. ८०० टनांची भरलेली लोकल ताशी १०० किलोमीटरच्या वर पळताना असते तेवढी. ती उतरवायला मिळतो एका फेरीचा वेळ, ८९ मायक्रोसेकंद.

‘झोत डंप केला’ म्हणजे बिघाड झाला, असंही समजतात. बिघाडात झोत सोडतात हे खरं, पण सगळं सुरळीत असलं तरी उरलेला झोत शेवटी तिथेच जातो. म्हणून मला ‘शोषक’ हा शब्द जास्त योग्य वाटतो. मात्र ‘इथे कचरा होतच नाही’ असं म्हणणंही चूक. झोत अडवणारा ठोकळा आणि भोवतालचं लोखंड-काँक्रीट किरणोत्सारी होतं, आणि पुढे त्याची विल्हेवाट लावावीच लागते.

जुन्या, लहान यंत्रांना एवढी ऊर्जा थांबवायची चिंता नव्हती. कुलाब्यात १९८०च्या दशकाअखेर सुरू झालेल्या १४ दशलक्ष व्होल्टच्या यंत्राचा क्षीण झोत धातूच्या छोट्या पेल्यातही थांबतो. ट्रॉम्बेचं नवं प्रोटॉन यंत्र २०२३ मध्ये २० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत पोहोचलं. आराखड्यातला ३० मिलिअँपिअरचा अखंड झोत मिळाला तर ६०० किलोवॉट होतात, आणि असे प्रोटॉन तांब्याच्या पहिल्या मिलिमीटरभरातच थांबतात. सगळी उष्णता पृष्ठभागावर. म्हणून अशा ठिकाणी झोत पसरवून तिरपा पाडायचा आणि मागून पाणी खेळवायचं.

सीमेवरच्या यंत्रात उलट अडचण आहे. तिथे प्रोटॉनांची ऊर्जा ठोकळ्यात कित्येक मीटर खोलवर उतरते. झोताच्या रांगेत मुद्दाम ३ मायक्रोसेकंदांची मोकळी जागा ठेवतात. तेवढ्यात १५ चुंबकं पूर्ण ताकदीवर येऊन त्याला बाहेर वळवतात. आणखी १० चुंबकं त्याला आठ मीटरच्या ग्रॅफाइटवर वळणावळणाने फिरवतात, म्हणजे एकाच बिंदूवर मारा होत नाही. ग्रॅफाइट जळू नये म्हणून त्याभोवती नायट्रोजन भरलेला असतो. झोताच्या धक्क्यांनी ठोकळा हादरून त्या वायूची गळती होऊ लागली. तेव्हा २०१९ पासूनच्या लांब बंद काळात सुधारित ठोकळे आणि धक्क्यासरशी थोडं हलू देणारे आधार बसवले गेले. यंत्राच्या पुढच्या टप्प्यात एका झोतामागे जवळपास ७०० मेगाज्यूल उतरवावे लागणार आहेत.